प्रवासाची आवड आणि तिनें शिकविलेले धडे

(भोर व वेल्हें या मुलुखांतील अनुभवांवरून)

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, हें आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेलें आहे. निबंधाच्या वहींत तें आपण अनेकदां लिहिलेंही आहे, आणि त्याबद्दल शिक्षकांनीं संतोषानें गुणही दिले आहेत. परंतु एखादें वाक्य फार वेळां ऐकलें म्हणजे त्याचा अर्थ विचारण्याची संवय सुटते. देशाटनानें शहाणपण येतें खरें, पण तें कोणत्या वाटेनें येतें? नुसतें शंभर कोस अंतर तोडल्यानें तें येत असतें, तर टपालाची थैली जगांत सर्वांत शहाणी ठरली असती! तेव्हां प्रवासांत अंतराहून निराळें असें कांहीं तरी असलें पाहिजे, कीं ज्याच्या योगानें मनुष्य घरीं परततांना थोडासा बदललेला असतो. तें काय, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आम्हांस प्रवासाची आवड विद्यार्थिदशेपासून आहे. शिक्षकाच्या मिळकतींत दूरदेशच्या सफरी बसत नाहींत. म्हणून गेलीं वीस वर्षें शाळेच्या सुट्ट्यांत विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही मुख्यत्वेंकरून पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हें या डोंगराळ भागांत पायीं हिंडत आलों आहों. त्या हिंडण्यानें आम्हांस जे धडे दिले ते क्रमानें सांगतों. त्यांतील एक धडा आम्हांस आमच्याच चुकीनें मिळाला. तो सांगतांना संकोच वाटतो. तथापि तोच सर्वांत मोलाचा असल्यामुळें वगळतां येत नाहीं.

प्रथम आपल्याच भाषेंतील दोन प्रवाशांकडे पाहूं. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत जावयास निघाले. घरीं कर्ज होतें. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, या आशेनें ते घराबाहेर पडले. वाटेंत बंडाचा वणवा पेटला. झांशीचा वेढा व पाडाव त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, आणि जें मिळवावयास निघाले तें त्यांच्या हातीं फारसें लागलें नाहीं. परंतु जें डोळ्यांनीं पाहिलें तें कोणासही लुटतां आलें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं तें लिहून काढिलें, आणि ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ सालीं तें प्रसिद्ध झालें.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. आईबापांबरोबर तीर्थें करीत त्यांचें बाळपण वाटेवरच गेलें. पुढें दुष्काळांत आईबाप वारले, आणि भावाबरोबर अन्नाची भ्रांत असतां मैलोगणती चालत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. ज्या निराधार स्त्रियांसाठीं त्यांनीं पुढें आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांचें दुःख त्यांस कोणत्याही ग्रंथानें शिकविलें नव्हतें. तें त्यांनीं रस्त्यावर पाहिलें होतें. नंतर त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हांही त्यांची दृष्टि उंच इमारतींवर न थांबतां तेथील लोकस्थितीकडे गेली, आणि १८८९ सालीं त्यांनीं आपलें प्रवासवृत्त मराठींत छापविलें. या दोघांपासून एक गोष्ट दिसून येते. प्रवाशास जें पाहिजे असतें तें बहुधा मिळत नाहीं. जें मिळतें तें त्यानें मागितलेलें नसतें. तें ओळखून उचलणें हीच प्रवासाची विद्या होय.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. भोर व वेल्हें हा प्रदेश पुण्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कण्यावर पसरलेला आहे. पश्चिमेस कोंकणांत कोसळणारे कडे, आणि पूर्वेस हळूहळू उतरत जाणारीं लांबट खोरीं, अशी याची रचना आहे. हिरडस मावळ, रोहिडखोरें, वेळवंडखोरें, गुंजण मावळ, कानदखोरें हीं नांवें आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतों. तेथील वृद्ध माणसांच्या जिभेवर तीं अजून आहेत. कारीचे कान्होजी जेधे, शिंदचे बाजी प्रभु, भुतोंड्याचे येसाजी कंक हे याच खोऱ्यांतील पुरुष. भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाचें मुख्य ठिकाण; तें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. तोरणा व राजगड हे दोन गड वेल्ह्याच्या बाजूस एकमेकांकडे पाहत उभे आहेत. तोरणा साडेचार हजार फुटांहून अधिक उंच असून जिल्ह्यांतील किल्ल्यांत सर्वांत उंच आहे. राजगड सुमारें पंचवीस वर्षें शिवछत्रपतींची राजधानी होता. २०२५ सालीं युनेस्कोनें ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला त्यांत राजगड आहे, आणि त्याच वर्षीं वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव मिळालें. या लेखांत आम्हीं जुनेंच नांव ठेविलें आहे. कारण आमच्या पायांस तेंच ओळखीचें आहे.

पहिला धडा : ओझें

आमच्या अगदीं पहिल्या सहलींत आम्ही गुंजवणें गांवांतून चोर दरवाजाच्या वाटेनें राजगड चढूं लागलों. आमच्या पाठीवरील पिशवींत सात पुस्तकें होतीं. विद्यार्थ्यांस गडावर बसून वाचून दाखवावीं, असा हेतु होता. मुलांनींही आपापल्या परीनें तयारी केली होती. एकानें लोणच्याची बरणी, दुसऱ्यानें खेळावयाची बॅट, तिसऱ्यानें तीन जोड बूट आणिले होते. अर्धी चढण झाली नाहीं तोंच सर्वांचे चेहरे उतरले. पाठीस रग लागली, पाणी संपत आलें, आणि गड आहे तेथेंच राहिला.

इतक्यांत मागून एक बाई आल्या. डोक्यावर ताकाची कळशी, हातांत पेल्यांची पिशवी, आणि पायांत साधी चप्पल. गडावर येणाऱ्या लोकांस ताक विकून त्या सायंकाळीं घरीं परत जात. आम्हांस ओलांडून पुढें जातांना त्या थांबल्या, आमच्या पिशव्यांकडे पाहिलें आणि हंसून म्हणाल्या, “मास्तर, येवढं घेऊन वर ऱ्हायाला चाललाय का काय?” मुलें हंसलीं, आम्हांसही हंसूं आलें. परंतु वर पोंचेपर्यंत तो प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. त्या बाईंच्या डोक्यावरील ओझें आमच्या पिशवीहून हलकें नव्हतें. फरक इतकाच होता, कीं त्यांच्या ओझ्याचा प्रत्येक थेंब कोणाच्या तरी उपयोगी पडणार होता, आणि आमच्या ओझ्यांतील बहुतेक वस्तु केवळ ‘असूं द्यावी’ म्हणून घेतलेल्या होत्या.

तेव्हांपासून आम्हीं नियम केला, कीं निघण्याच्या आदल्या रात्रीं काय घ्यावयाचें याची यादी करावयाची नाहीं. काय टाकावयाचें याची करावयाची. आणि दुसरा नियम असा, कीं जो तो आपलें ओझें आपण वाहील. पैसे देऊनसुद्धां तें दुसऱ्याच्या डोक्यावर चढवावयाचें नाहीं. विद्यार्थी मित्रहो, हा नियम पुढें संसारांतही उपयोगी पडतो. पुष्कळ मनुष्यें आयुष्याची चढण चढतांना धापा टाकतात, ती चढण अवघड असते म्हणून नव्हे, तर पिशवींत अनावश्यक वस्तु फार असतात म्हणून.

दुसरा धडा : पाण्याचा माग

भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून भाटघरचें धरण दिसतें. वेळवंडी नदीवरचें हें धरण १९२८ सालीं पुरें झालें. तेव्हां त्यास मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव देण्यांत आलें होतें. आतां त्या जलाशयास येसाजी कंक यांचें नांव आहे. वेळवंडी पुढें नीरेस मिळते. नीरा भोर तालुक्यांतच शिरगांवाजवळ उगम पावते, आणि दूर पूर्वेस नीरा-नरसिंगपूर येथें भीमेस मिळते. तिचा डावा कालवा बारामती व इंदापूर या बाजूस, तर उजवा फलटण व माळशिरस या बाजूस पाणी नेतो. त्या भागांतील उंसाचे मळे पाहून आपण तेथील शेतकऱ्यांच्या उद्योगाची प्रशंसा करतों, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या उंसाची गोडी कोठून निघाली हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें नदीच्या उलट चालत भोरच्या डोंगरांत आलें पाहिजे.

एका मे महिन्यांत आम्ही वेळवंडीच्या खोऱ्यांत उतरलों होतों. त्या दिवसांत जलाशयाचें पाणी ओसरतें, आणि कांबरे गांवाजवळ एरव्हीं पाण्याखालीं असणारें कांबरेश्वराचें जुनें देऊळ उघडें पडतें. दगडी भिंतींवर गाळाचा थर, सभोंवतीं चिखलाच्या भेगा, आणि त्यांतून चालत दर्शनास येणारीं माणसें, असा तो देखावा होता. आमच्याबरोबर वेल्ह्याकडील एक विद्यार्थी होता. त्याच्या आईचें माहेर याच खोऱ्यांतलें. तो एका ओसाड, भेगाळलेल्या जागेकडे बोट करून म्हणाला, “सर, आमच्या आजोबांच्या आजोबांचं भाताचं खाचर तिथं होतं म्हणतात.” तेथें बांध नव्हता, झाड नव्हतें, खूण म्हणून कांहींच नव्हतें. तरीही चार पिढ्या त्या घरांत ती जागा बोटानें दाखविली जात होती. बाकीचीं मुलें एकदम गप्प झालीं. त्यांतील दोघेजण बारामतीकडील होते, आणि त्यांच्या शेतास याच नदीचें पाणी मिळत होतें.

धरण बांधणें वाईट होतें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्या पाण्यानें कोरड्या मुलुखांतील लाखों माणसें जगलीं. परंतु देणारा कोण व घेणारा कोण, हें घेणाऱ्यानें तरी विसरूं नये. डोंगरांत पाऊस उदंड पडतो. श्रावणांत भाताचीं खाचरें तुडुंब असतात, उतारावर नाचणी व वरई डोलत असते. पण तें पाणी उतारावरून धांवत खालीं जातें, आणि वैशाखांत त्याच डोंगरांतील वाड्यावस्त्यांवरच्या बायका हंडे घेऊन झऱ्याकडे चालतांना आम्हीं अनेकदां पाहिल्या आहेत. पुणें शहराचेंही असेंच आहे. पानशेत धरण वेल्हें तालुक्यांत आहे. त्याचें पाणी शहरास मिळतें, आणि १२ जुलै १९६१ रोजीं तेंच धरण फुटून पुण्यांत महापूर आला. शहरांतील माणूस नळाची तोटी फिरवितो, तेव्हां त्याच्या हातांत एका दूरच्या खोऱ्याचें टोंक असतें. हें त्यास एरव्हीं ठाऊक नसतें, तें त्या दिवशीं ठाऊक झालें.

प्रवासाचा दुसरा धडा तो हाच. कोणतीही वस्तु आपणांस मिळाली, कीं तिचा माग काढीत उगमापर्यंत जावें. तेथें बहुधा कोणी तरी मनुष्य उभा असतो, ज्यानें कांहीं तरी सोडिलेलें असतें.

तिसरा धडा : विचारणें आणि ऐकणें

आतां ज्या प्रसंगाचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला तो सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टींत एकवीस विद्यार्थी घेऊन आम्ही दोघे शिक्षक राजगडास गेलों. रात्रीं पद्मावतीच्या देवळांत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीं डोंगराच्या सोंडेवरून तोरण्यास जावयाचें होतें. राजगडाची संजीवनी माची व तोरण्याची बुधला माची एकाच डोंगररांगेनें जोडलेल्या आहेत, आणि अळू दरवाजानें उतरून त्या धारेवरून चालत गेलें असतां तोरणा गांठतां येतो. वाट दमविणारी आहे. परंतु आम्हीं ती पूर्वीं दोन वेळां केली होती. शिवाय आमच्याजवळ मोठ्या प्रमाणाचा नकाशा होता, आणि पदवीच्या परीक्षेंत भूगोल हाच आमचा विषय होता. या तीन गोष्टींवर आमचा किती विश्वास होता, हें आज लिहितांनाही लाज वाटते.

सकाळीं धुकें दाट होतें. सोंडेवर एक धनगराचें घर लागलें. अंगणांत एक म्हाताऱ्या आजीबाई बसल्या होत्या. मुलांस त्यांनीं पाणी दिलें, आणि आम्ही निघतांना त्या म्हणाल्या, “मास्तर, धुकं निवळूस्तवर थांबा. न्हाय तर गवताच्या वाटंनं तरी जाऊ नगा. ती वाट कड्यावर जाऊन मरती.”

आम्हीं त्यांचे आभार मानिले, आणि त्यांचें ऐकिलें नाहीं. नकाशा उघडून पाहिला. आमच्या हिशेबानें धारेच्या उजव्या अंगानें जाणारी वाटच बरोबर होती. दिवस लहान होता, वेळ जात होता. आम्ही निघालों.

वाट गवतांत शिरली. रांगेच्या शेवटीं तोच वेल्ह्याकडील मुलगा चालत होता. तो शेजारच्या मुलास हळूच म्हणाला, “ही वाट खुरांची हाय.” तें आमच्या कानांवर आलें. आम्हीं मागें वळून म्हटलें, “बोलूं नकोस, रांगेंत चाल.” तो गप्प बसला. गप्प बसण्याची त्यास संवय होती. वर्गांत तो मागच्या बांकावर बसे. भूगोलाच्या सहामाहींत त्यास शंभरांपैकीं सतरा गुण मिळाले होते, आणि समोच्च रेषांच्या प्रश्नापुढें त्यानें पान कोरें सोडिलें होतें. सहलीस निघण्यापूर्वीं आम्हीं त्याच्या वडिलांस एक पत्र लिहिलें होतें, कीं मुलाचा अभ्यासाकडे कल नाहीं, त्यास शाळेंतून काढून शेतीस लावावें हें बरें. तें पत्र आमच्या टेबलाच्या खणांत होतें. सुट्टीनंतर पाठवावयाचें होतें.

अर्धा तास चालल्यावर गवत छातीपर्यंत आलें. पायांखालची जमीन उतरूं लागली. इतक्यांत वारा सुटला, धुकें क्षणभर फाटलें, आणि पुढें दहा पावलांवर जमीनच संपलेली दिसली. खालीं खोल दरी होती. सर्वांत पुढें चालणारा लहान मुलगा दचकून मागें सरकला, त्याचा पाय ओल्या गवतावर घसरला, आणि आमच्या सहकाऱ्यांनीं त्याच्या पिशवीचा पट्टा धरिला म्हणूनच तो वांचला. धुकें पुन्हां मिटलें. एकवीस मुलें आमच्याकडे पाहत होतीं, आणि आम्ही नकाशाकडे पाहत होतों. नकाशावर तो कडा अगदीं बरोबर काढलेला होता. आपण त्यावर कोठें उभे आहों, एवढेंच त्यावर लिहिलेलें नव्हतें.

तेव्हां आम्हीं त्या मुलास पुढें बोलाविलें आणि विचारिलें, “ही खुरांची वाट आहे हें तुला कसें कळलें?”

तो आधीं बोलेना. मग म्हणाला, “सर, माणसाची वाट दगडावर घासून गुळगुळीत व्हती. खुरांची मातीत फुटती, तिला फाटं फुटत्यात, आन् ती चाऱ्याकडं जाती. ह्या वाटंवर दगड कुठं घासलेला न्हाय.”

“आतां काय करावें?”

“सगळ्यांनी खाली बसा. बोलू नका. ऐकायचं.”

आम्ही सारे बसलों. पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या शब्दावर दोन शिक्षक व वीस विद्यार्थी मुकाट्यानें बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. नंतर फार दुरून, डाव्या अंगास, कुत्र्याचें भुंकणें ऐकूं आलें. “आजीचं कुत्रं,” तो म्हणाला, आणि उठला. त्यानें सर्वांस एकमेकांच्या पिशव्या धरावयास लाविलें, आणि आम्हांस परत नेलें. वाटेंत तो मधून मधून वांकून दगडांवरून हात फिरवीत असे. पाऊण तासानें धुक्यांतून तें अंगण दिसलें.

आजीबाईंनीं आम्हांस पाहिलें. त्या आम्हांस बोलल्या असत्या, तर बरें वाटलें असतें. परंतु एका शब्दानें त्यांनीं टोंचलें नाहीं. चुलीवर तवा ठेविला, आणि सुनेच्या मदतीनें दुपार कलेपर्यंत भाकऱ्या थापल्या. घरांतील बहुतेक पीठ त्या दिवशीं संपलें असावें. निघतांना आम्हीं पैसे पुढें केले. त्यांनीं हात मागें घेतला. फारच आग्रह केला तेव्हां म्हणाल्या, “पोरांनी घरी जाऊन आयांना सांगावं, आमी कुठं जेवलो ते. येवढं बास झालं.”

त्या दिवशीं तोरणा राहिला. संध्याकाळीं त्या मुलाच्या मागून आम्ही सुखरूप खालीं उतरलों.

चौथा धडा : परतणें

राजगडाच्या इतिहासांत एका प्रवासाची कथा सर्वांस ठाऊक आहे. १६६६ सालच्या मार्चांत शिवाजीमहाराज आग्र्यास जावयास राजगडाहून निघाले. तेथें ते नजरकैदेंत पडले, युक्तीनें सुटले, आणि त्याच वर्षीं वेष पालटून राजगडास परत आले. कथा सांगणारे बहुधा सुटकेपाशीं थांबतात. आम्हांस मात्र वाटतें, कीं त्या प्रवासाचें मोल परतण्यावर ठरलें. परत आल्यावर त्यांनीं उतावळेपणा केला नाहीं; कांहीं वर्षें तह संभाळून राज्याची घडी बसविली, आणि १६७० सालापासून गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ केला. जो प्रवासी परत येऊन पूर्वींप्रमाणेंच वागूं लागतो, तो गेलाच नव्हता असें समजावें.

आमची गोष्ट तिच्या मानानें अगदींच लहान. परंतु परत आल्यावर करावयाचें काम आम्हांसही होतें. शाळा उघडली त्या दिवशीं खण उघडून आम्हीं तें पत्र बाहेर काढिलें, एकदां वाचिलें, आणि फाडून टाकिलें. नंतर त्या मुलास बोलावून म्हटलें, “त्या दिवशीं तुला ‘बोलूं नकोस’ म्हटलें, ही आमची चूक झाली.” तो खालीं मान घालून उभा राहिला, शिक्षकानें विद्यार्थ्याजवळ असें बोलावें याचाच त्यास अधिक संकोच वाटला असावा.

त्या वर्षाच्या वार्षिक परीक्षेंत आम्हीं भूगोलाच्या पत्रिकेंत एक नवा प्रश्न घातला : ‘आपल्या घरापासून पाणवठ्यापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा, व त्या वाटेचें वर्णन करा.’ शहरांतील कित्येक हुशार मुलांस पाणवठा म्हणजे काय हें विचारावें लागलें. त्या मुलानें चार पानें लिहिलीं. चढ कोठें, उतार कोठें, पावसाळ्यांत वाट कोणत्या बाजूस सरकते, कोणत्या महिन्यांत झरा आटतो, सर्व कांहीं त्यांत होतें. नकाशांत समोच्च रेषा नव्हत्या; पण चढ जेथें तीव्र तेथें त्यानें रेघा दाट काढल्या होत्या. समोच्च रेषांचा सबंध नियम त्या दाट रेघांत होता. त्यास तो अगोदरच ठाऊक होता. आम्हीं त्यास फक्त नांव सांगावयाचें राहिलें होतें.

यापुढें तो वर्गांत पहिला आला, असें लिहावयास मिळतें तर कथा शोभली असती. परंतु तें खरें होणार नाहीं. शालान्त परीक्षेंत तो पहिल्या वेळीं गणितांत नापास झाला, आणि दुसऱ्या वेळीं उत्तीर्ण झाला. हल्लीं तो आपल्या खोऱ्यांत शेती करतो. आमची सहल त्या बाजूस गेली, कीं वाट दाखवावयास तोच येतो, आणि आमच्या मुलांस दगडावर हात ठेवून वाट ओळखावयास शिकवितो. पुढच्याच वर्षीं आम्हीं धुकें निवळल्यावर त्याच्या मागून तोरणा गांठिला. आजीबाई त्या वेळीं होत्या. आता त्या नाहींत. त्यांच्या अंगणांत थांबल्याशिवाय मात्र आम्ही पुढें जात नाहीं.

उपसंहार

विद्यार्थी मित्रहो, या सर्वांचें सार थोडक्यांत असें. प्रवासानें मनुष्यास नवें ज्ञान मिळतें हें खरेंच. परंतु त्याआधीं त्यास आपल्या जुन्या ज्ञानाचें खरें माप कळतें. पुस्तक व नकाशा टाकून द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही अजूनही नकाशा जवळ बाळगतों; तो उपयोगाचा आहे. पण नकाशा दूर बसलेल्या मनुष्यानें एकदांच काढिलेला असतो, आणि वाटेवर राहणारा मनुष्य ती रोज चालतो. दोघांचेंही ऐकावें. दोघांत मतभेद झाला, तर थोडा वेळ खालीं बसावें.

येत्या सुट्टींत तुम्ही कोठें जाल, तेव्हां पुढील चार गोष्टी करून पाहा. आपलें ओझें कमी करा, आणि तें आपणच वाहा. जें पाणी प्याल, जें अन्न खाल, तें कोठून आलें याची चौकशी करा. वाट विचारल्यावर मिळालेलें उत्तर ऐका. केवळ विचारणें पुरत नाहीं, हें आमच्या उदाहरणावरून ध्यानांत घ्या. आणि घरीं परत आल्यावर आपण कोठें जेवलों तें आईला सांगा.

याकरितां फार दूर जावें लागत नाहीं. तुमच्या वर्गाच्या शेवटच्या बांकावर कदाचित् एखादा मुलगा बसलेला असेल, ज्याच्या गांवीं तुम्ही कधीं गेलां नाहीं, आणि ज्यास तुम्हीं कधीं कांहीं विचारिलें नाहीं. पहिला प्रवास त्या बांकापर्यंतचा करावा. तें अंतर आम्हांस तोडावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तुम्हांस एक मधली सुट्टी पुरे आहे.